साडेसहा नंबर

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हातांची या पावसाळ्यात फार दशा झाली. बोटांच्या बेचक्यांत चिरा, तळव्याची सालं निघालेली, नखांच्या कडा लालभडक. चार घरची भांडी, चार तऱ्हेचे साबण, त्यात एका घरी फरशीसुद्धा ॲसिड टाकून पुसायला लावतात. खोबरेल लावून झालं, मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावून झालं. पण मलम चोळायचं आणि अर्ध्या तासात पुढच्या घरी पुन्हा पाण्यात हात घालायचा, तर ते मलम तरी काय करणार? शेवटी मी मॉलमधून पिवळेधमक रबरी हातमोजे आणले. मावशींनी माझा मान राखून ते चढवले. एक पातेलं घासलं, दोन ताटं घासली, मग काचेचा ग्लास उचलायला गेल्या तो सटकन निसटून सिंकमध्ये फुटला. मी "राहू दे, राहू दे" करत पुढे झाले, पण त्यांनी आधी मोजे काढले, नंतर उघड्या, चिरलेल्या बोटांनी काचा वेचल्या आणि मोजे खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवत म्हणाल्या, "यात हात आंधळा होतो, ताई."

पंधरा दिवस ते तिथंच लटकत होते, खाटकाकडे टांगलेल्या कोंबडीच्या पायांसारखे. येता-जाता नजर जायची आणि मला बारीकसा राग यायचा. आधी मावशींचा, मग स्वतःचा. कारण खरं सांगायचं तर ते हातमोजे मी त्यांच्यासाठी आणले की माझ्यासाठी, हे मला नीट सांगता येत नाही. ते हात माझ्या सिंकमध्ये रोज बघायला नको होते मला. भांडी मात्र घासून हवी होती.

आणि "हात आंधळा होतो" हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. जवळजवळ याच शब्दांत.

आई सरकारी हॉस्पिटलात थिएटर सिस्टर होती. माझ्या लहानपणी हातमोजे एकदा वापरून फेकून द्यायची चैन कुणाला नव्हती. ऑपरेशन झालं की मोजे आतून-बाहेरून साबणानं धुवायचे, उलटे करून दोरीवर वाळत घालायचे, सुलटे करून पुन्हा वाळवायचे. मग प्रत्येक मोजा तपासायचा. मनगटाकडची कड दोन्ही हातांत धरून आई मोजा हवेत गर्रकन फिरवायची, आत हवा कोंडली की पाची बोटं टम्म फुगायची, आणि मग ती तो मोजा गालाजवळ नेऊन हलकेच दाबायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गालाला झुळूक लागते म्हणायची. डोळ्याला दिसत नाही ते गालाला कळतं. फाटका निघाला तर जुन्या मोज्याचं ठिगळ रबर सोल्यूशननं चिकटवायचं, अगदी सायकलच्या ट्यूबसारखं. तसला मोजा ऑपरेशनला नाही, पण वॉर्डातल्या कामाला चालायचा. चांगल्यांना पावडर लावून, कड दुमडून, जोडी जुळवून ड्रममध्ये भरायचं आणि ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात. सुट्टीच्या दिवशी मला सोबत नेलं तर मी मागच्या खोलीत स्टुलावर बसून जोड्या लावायचे. सहा, साडेसहा, सात, साडेसात. आईच्या अंगाला कायम त्या पावडरीचा आणि वाफवलेल्या रबराचा वास असायचा. शाळेत दुसऱ्या मुलींच्या आयांना फोडणीचा नाहीतर चमेलीच्या तेलाचा वास यायचा, आणि मला आईची लाज वाटायची. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तर "आंधळा" हा शब्द तिचा. एकदा कुणा नव्या डॉक्टरला त्याच्या मापाचा मोजा मिळाला नाही, त्यानं एक नंबर मोठा चढवला. त्यावर आई घरी आल्यावर वडिलांना सांगत होती, "बोटाच्या टोकाशी रबर जमा झालं की आतला हात आंधळा."

तिच्या त्या जगात एक नाव सारखं यायचं. आमच्या घरी शिवणाच्या डब्यात एक छोटा, वाकडा, दातेरी टोकाचा चिमटा होता. हॉस्पिटलातून बाद झालेला. परकरात नाडी घालायला त्याच्यासारखी वस्तू नाही. टोकात नाडी पकडायची, कडी लावायची, की सरसर निघते पुढे. आई त्याला मॉस्किटो म्हणायची. पूर्ण नाव हॅल्स्टेड मॉस्किटो. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की नाडी घालायचं हे हत्यार, दोरीवरचे ते मोजे, आणि आमच्या आत्याच्या छातीवरचा तो वण, या तिन्हींच्या मागं एकच माणूस आहे. विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा सर्जन. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. काही आदरानं, काही हिशेब चुकता करायच्या इराद्यानं.

हातमोज्यांची गोष्ट वैद्यकीय कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ असते, पण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८९ साली बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. हॅल्स्टेड तिथला सर्जन. कॅरोलाइन हॅम्प्टन त्याच्या ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. दक्षिणेतल्या बड्या जमीनदार घराण्यातली, वडील अमेरिकेच्या यादवीत मारले गेलेले, आत्यांनी वाढवलेली, न्यूयॉर्कला जाऊन नर्सिंग शिकलेली. जंतूंची भीती नुकती अंगात मुरत होती, तेव्हा हात धुण्याची तऱ्हा म्हणजे शिक्षाच. आधी साबण, मग पोटॅशियम परमँगनेट, त्यानं हात जांभळे-तपकिरी पडायचे. ते डाग घालवायला गरम ऑक्झॅलिक ॲसिड. आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइड, पाऱ्याचा जहाल क्षार. दिवसातून किती वेळा ते त्या दिवसाच्या ऑपरेशनांवर अवलंबून. कॅरोलाइनचे हात आणि कोपरापर्यंतचं अंग फुटून आलं. नोकरी सोडायची वेळ आली. तेव्हा हॅल्स्टेडनं न्यूयॉर्कला गेला असताना गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराच्या लांब बाह्यांच्या मोज्यांच्या दोन जोड्या बनवून घेतल्या. १८९० च्या जूनमध्ये दोघांचं लग्न झालं.

लोक ही प्रेमकथा म्हणून सांगतात आणि तशी ती आहेही. पण मला त्यातलं दुसरंच काही टोचतं. लग्नानंतर कॅरोलाइननं नर्सिंग सोडलं. ज्या हातांसाठी मोजे बनवले, ते हात काही महिन्यांतच थिएटरच्या बाहेर गेले. आणि १९१३ साली, लग्नाला तेवीस वर्षं होऊन गेल्यावर, हॅल्स्टेडनं ही हकीकत छापली, तेव्हा त्यानं लिहिलं ते एवढंच की १८८९-९० च्या हिवाळ्यात, महिना आठवत नाही, माझ्या थिएटरच्या नर्सनं हातांची तक्रार केली, आणि ती विलक्षण कार्यक्षम बाई असल्यामुळे मी त्यावर विचार केला. नाव नाही. 'जी पुढे माझी पत्नी झाली' हेही नाही. आमच्याकडचे जुने नवरे 'अहो, ऐकलं का' करून हाक मारायचे, त्यातलाच प्रकार. महिना आठवत नाही म्हणणारा माणूस त्या बाईच्या हातांसाठी रबर कंपनीचा उंबरठा चढून आला होता, हे तेवढ्याच कागदावर आहे.

आणि पुढचं तर आणखी नवलाचं. मोजे आले ते हात वाचवायला. रोग्याला वाचवायला नव्हे. कॅरोलाइननं थिएटर सोडल्यावर ते हत्यारं देणाऱ्या सहायकांनी घातले, कारण हत्यारं जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडात बुडवलेली असायची. ऑपरेशन करणारा बहुतेक वेळा उघड्या हातांनीच करत राहिला. ऑपरेशन करताना नेमानं मोजे घालायला पहिल्यांदा सुरुवात केली ती त्याच्या हाताखालच्या जोसेफ ब्लडगुडनं, आणि त्यानं १८९९ मध्ये साडेचारशेहून जास्त हर्नियाच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला, तेव्हा कळलं की मोजे घातले की जखमा पिकण्याचं प्रमाण कुठल्या कुठं खाली येतं. म्हणजे कितीतरी वर्षं उत्तर त्यांच्या टेबलापाशी, शेजारच्या माणसाच्या हातात चढवलेलं होतं. खुद्द हॅल्स्टेडनं नंतर लिहिलं की मोजे ऑपरेशनच्या टेबलाशी कायमच घालायला हवेत, हे न दिसण्याइतके आम्ही आंधळे कसे होतो.

आंधळे. त्यानंही हाच शब्द वापरला.

माणूस मुळात कसा होता? न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याचा मुलगा, जन्म १८५२ चा. येल विद्यापीठात फुटबॉल संघाचा कप्तान. ग्रंथालयातून त्यानं एक पुस्तक घेतल्याची नोंद नाही म्हणतात. शेवटच्या वर्षी कुठूनसं शरीररचनेचं पुस्तक हातात पडलं आणि पोराची गाडी रुळावर आली. डॉक्टर झाल्यावर दोन वर्षं व्हिएन्ना, लाइपझिग वगैरे ठिकाणी मोठमोठ्या जर्मन-ऑस्ट्रियन सर्जनांकडे उमेदवारी केली आणि १८८० मध्ये परत येऊन न्यूयॉर्कात धडाका लावला. एकाच वेळी पाच-सहा हॉस्पिटलं, संध्याकाळी शिकवण्या, रात्री मेजवान्या. बेल्व्ह्यू हॉस्पिटलात कार्बोलिकच्या वासाला इतर डॉक्टर नाक मुरडत, तर ह्यानं ऑपरेशनसाठी आवारात स्वतंत्र तंबू उभारून घेतला, खाली लाकडी फरशी घालून. १८८१ मध्ये बाळंतपणात बहिणीचं रक्त वाहून चाललेलं, ती पांढरीफटक पडलेली, तर ह्यानं स्वतःच्या दंडातून रक्त काढून तिच्या शिरेत भरलं. रक्तगट नावाची गोष्ट अजून वीस वर्षं कुणाला ठाऊक व्हायची होती. जुळलं, वाचली. पुढच्या वर्षी आई पित्ताशयाच्या दुखण्यानं तापलेली, कावीळ झालेली. पहाटे दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं पोट उघडून पू आणि खडे काढले. तीही वाचली. हे वाचताना माझ्या हातांना घाम फुटतो. आपल्या आईच्या पोटावर सुरी ठेवणारा तिशीतला पोरगा, कंदिलाचा उजेड असेल, बाहेर अंधार. धीट म्हणावं की बेफाम, मला ठरवता येत नाही. कदाचित त्या वयात तो फरक नसतोच.

मग कोकेन. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं दाखवलं की कोकेनचा थेंब टाकला की डोळा बधिर होतो. ती बातमी न्यूयॉर्कला पोचताच हॅल्स्टेड आणि त्याचे सोबती एकमेकांना सुया टोचत सुटले. नेमका मज्जातंतू गाठून त्याच्यापाशी औषध सोडलं की त्याच्या ताब्यातला सगळा भाग बधिर होतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर शोधून काढलं. आज दाताच्या डॉक्टरांकडे खालच्या जबड्याला इंजेक्शन घेऊन ओठ लोंबता ठेवून आपण घरी येतो, ते त्यांचंच देणं. किंमत त्यांनी भरली. सोबत्यांपैकी काही कायमचे बरबाद झाले. १८८५ मध्ये हॅल्स्टेडनं या विषयावर एक लेख छापला, त्याचं पहिलं वाक्य असं वळवळत, भरकटत जातं की वाचणाऱ्याला कळावं, लिहिणारा शुद्धीवर नाही. मित्रांनी समुद्रप्रवासाला नेलं, तर जहाजावरच्या कप्तानाची औषधाची पेटी फोडली म्हणतात. शेवटी प्रॉव्हिडन्सच्या मनोरुग्णालयात सात महिने. तिथं कोकेन सोडवायला मॉर्फिन देत. एक साप काढायला दुसरा सोडायचा.

तिथून बाहेर आलेला माणूस दुसराच होता. मेजवान्यांतला रुबाबदार, मोठमोठ्यानं हसणारा सर्जन गेला. बाल्टिमोरला वेल्श नावाच्या मित्राच्या प्रयोगशाळेत तो कुत्र्यांच्या आतड्यांना टाके घालत बसला. कुठल्या थराला टाका धरतो, कुठल्या थराला फाटतो, किती ताण द्यायचा. तासन्‌तास. ऑपरेशनचा वेग ही तोवर सर्जनची शान होती, भूल नव्हती तेव्हाची ती सवय. ह्यानं ती मोडली. प्रत्येक बारीक रक्तवाहिनी चिमट्यानं पकडायची, रेशमाच्या बारीक धाग्यानं बांधायची, मांस दाबायचं नाही, ओढायचं नाही, जखमेला पोकळी ठेवायची नाही. आईच्या डब्यातला मॉस्किटो इथला. त्याची ऑपरेशनं इतकी लांबत की, एका नामांकित पाहुण्या सर्जननं म्हणे थट्टा केली होती, हा जखमेचं खालचं टोक शिवेपर्यंत वरचं टोक भरून आलेलं असतं. हा हळुवारपणा नशेमुळं आला की नशेतून वाचल्यामुळं, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मला एवढंच वाटतं की ज्याचं स्वतःचं आतून सगळं फाटलं होतं, त्यानं मांसाला इतक्या जपून हात लावला.

आणि मग मला आत्या आठवते, आणि हा सगळा जिव्हाळा आंबतो.

१९७९. मी तिसरीत होते. आत्याच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, बाहेरून दिसायला लागली तेव्हा आईला हळूच मोरीत बोलावून दाखवली. आईनं त्याच आठवड्यात ऑपरेशन ठरवलं. थिएटरच्या यादीत, आई सांगते, त्याला 'एक हॅल्स्टेड आहे' असंच म्हणायचे. ह्या ऑपरेशनात नुसता स्तन जात नाही. त्याच्या खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या सगळ्या गाठी, सारं एकसंध उचलून काढायचं. घरी आली तेव्हा तिच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली खड्डा होता. एकदा न्हाणीघरात पाठीला साबण लावायला गेले तेव्हा दिसलं की बरगड्यांवर थेट कातडी आहे, आणि आतलं काळीज उडताना दिसतं. मी साबण तिथंच टाकून पळाले. ती काही बोलली नाही. ब्लाउजच्या आत ती जुन्या सुती लुगड्याची घडी शिवून घ्यायची. दोन वर्षांत डावा हात सुजायला लागला. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. पुढं पुढं तो हात इतका जड झाला की बसताना ती तो उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायची, मांजर उचलून ठेवावं तसा. हळदीकुंकवाला डाव्या हातात एकही बांगडी नाही म्हणून बायका विचारायच्या. जाणं सोडूनच दिलं तिनं.

हॅल्स्टेडनं हे ऑपरेशन १८८२ पासून केलं आणि १८९४ मध्ये पन्नास बायकांचा हिशेब छापला. युरोपातल्या बड्या सर्जनांकडे निम्म्याहून जास्त बायकांना त्याच जागी कॅन्सर परत उगवत होता. ह्याच्याकडे पन्नासांत तिघींना. त्या काळी बाया यायच्या तेव्हा गाठ फुटून वाहत असायची, वास सुटलेला असायचा. त्यांच्यासाठी निदान तेवढी जागा कोरडी, स्वच्छ राहणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती, हे मी मान्य करते. त्याचा समज असा की कॅन्सर मुळापासून पायरीपायरीनं बाहेर पसरतो, म्हणून जितकं लांबवर खणाल तितकी बाई वाचेल. समज त्याच्या काळाला धरून होता. पण तो इतका देखणा होता, आणि त्याचे शिष्य इतक्या ठिकाणी प्राध्यापक झाले, की पाऊणशे वर्षं फारशी कुणी सरळ तुलना करून बघितली नाही. उलट काहींनी आणखी खोल, आणखी रुंद कापलं. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशरनं अमेरिकेत सोळाशेहून जास्त बायकांची चाचणी सुरू केली. एका गटाला हॅल्स्टेडचं ऑपरेशन, बाकीच्यांना त्याहून लहान. पंचवीस वर्षं मागोवा घेतला. जगण्यात फरक नाही. काहीच नाही.

आत्या टेबलावर होती तेव्हा ती चाचणी चालू होती. आमच्या गावापर्यंत काही पोचायला वेळ लागणारच. ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर देवमाणूस होते, आई आजही म्हणते, आणि मी ते खरं मानते. आत्या पुढं तेवीस वर्षं जगली आणि हृदयविकारानं गेली. आता त्यातली किती वर्षं त्या ऑपरेशनची आणि तो खड्डा, तो हात नाहक होता का, हे कुणाला विचारायचं? एकदा मी आईला विचारलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "त्या दिवशी मॉस्किटो मीच देत होते." आणि पुढची शेंग उचलली. हे मला तोवर माहीत नव्हतं.

मरायच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, हॅल्स्टेडनं एक लेख लिहिला. विषय, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाईचा हात का सुजतो. त्या सुजेला त्यानं हत्तीरोगाची आठवण करून देणारं नाव दिलं आणि त्यातला सर्जनचा वाटा नावातच घातला. म्हणजे त्याला ते हात दिसत होते. तो लेख मी रात्री उशिरापर्यंत वाचला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मनसोक्त रागावणं मला जमेना.

माझा भाचा सध्या सर्जरीचा रेसिडेंट आहे. रेसिडेंट म्हणजे हॉस्पिटलात राहणारा, हा सगळा घाट हॉपकिन्सचाच. जर्मनीत बघितलेली पद्धत हॅल्स्टेडनं आपल्या तब्येतीनं रचली. बरेच जण खाली घ्यायचे, वर जाताना गाळत गाळत एकच ठेवायचा, किती वर्षं लागतील ते सांगायचं नाही, लग्नाचा विषय काढायचा नाही. असे सतराच मुख्य रेसिडेंट त्याच्या हाताखालून गेले, त्यातलाच एक हार्वे कुशिंग, ज्यानं मेंदूच्या शस्त्रक्रियेला पायावर उभं केलं. भाचा छत्तीस तासांची ड्यूटी करून येतो, जेवतानाच ताटावर मान टाकतो. मी त्याला सांगितलं, ज्यानं ही पद्धत काढली तो स्वतः वर्षातले काही महिने गायब असायचा, ऑपरेशनं रेसिडेंटवर सोपवून. तो डोळे न उघडता म्हणाला, "आमचे सर पण." आणि घास चावता चावता झोपला.

गायब का असायचा, ते बरंचसं १९६९ मध्ये उघड झालं. त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर एक कुलूपबंद वही ठेवून गेला होता. त्यात लिहिलेलं निघालं की हॅल्स्टेड सुटला नव्हता. एकदा त्याला थंडी भरून कुडकुडताना ऑस्लरनं बघितलं आणि तेव्हा त्याला समजलं. रोज तीन ग्रेन, म्हणजे जवळपास दोनशे मिलिग्रॅम मॉर्फिन, आणि ते घेत असताना हर्निया, थायरॉइड, रक्तवाहिन्या, सगळं काम. घरी दोघं नवरा-बायको वेगवेगळ्या मजल्यांवर राहायची. हा माणूस शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचा, कॉफीचा एकेक दाणा निवडून घ्यायचा. मूलबाळ नाही. उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं हाय हॅम्प्टन नावाचं घर, तिथं त्याचे डेलियाचे ताटवे आणि तिची शेती, घोडे, कुत्री. बिनमोज्यांचे हात मातीत. निदान मला ते तसे दिसतात. १९२२ मध्ये त्याला पुन्हा पित्ताचे खडे झाले, शिष्यांनीच ऑपरेशन केलं, आणि त्यातून तो उठला नाही. आईला टेबलावर वाचवणाऱ्याला तोच आजार. तीन महिन्यांच्या आत कॅरोलाइनही गेली.

गेल्या आठवड्यात आई आमच्याकडे राहायला आली. ब्याऐंशीची आहे, गुडघे गेलेत, पण खिळ्यावरचे मोजे तिला आल्या आल्या दिसले. काढून घेतले, कड धरून गर्रकन फिरवले, बोटं फुगली, गालाजवळ नेऊन दाबले. मावशी कट्ट्याला टेकून बघत होत्या. "चांगले आहेत," आई म्हणाली, "पण हे कुणाला आणलेस? पहिलवानाला?" मग तिनं मावशींना हात पुढे करायला सांगितलं. मावशींनी आधी पदराला पुसला. आईनं तो आपल्या तळव्यावर पसरला, अंगठ्यानं रुंदी चाचपली, चिरा बघितल्या, त्यावरून अलगद बोट फिरवलं. मावशी आखडल्या, मग सैल झाल्या. मी त्यांच्या हातांकडे एवढे दिवस बघत होते, पण हात लावला नव्हता.

"साडेसहा," आई म्हणाली. "आत सुती मोजा असेल तर सात. आणि आधी आठवडाभर पाण्यात हात नको."

आठवडाभर भांडी मी घासली. चार घरांपैकी माझ्या एकट्या घरची, बाकीच्या तीन घरी त्या जातच होत्या, त्यामुळं त्याला फार अर्थ नव्हता. मेडिकलमध्ये साडेसहाचे मिळाले, पातळ, पांढरट. काल मावशींनी ते घातले, बोटं उघडमीट केली, काचेचा ग्लास उचलला, उजेडाकडे धरून फिरवला आणि खाली ठेवला.

"आंधळा नाही म्हणायचा," त्या आईला म्हणाल्या, "पण आजी, चाळिशी लागलीय हाताला."